चुकलेली तोफ आणि तिने घडवलेला अग्निबाण

ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने १८६५ साली तीन माणसांना चंद्राकडे पाठवले, ते तोफेच्या गोळ्यात बसवून. फ्लोरिडाच्या जमिनीत उभी पुरलेली नऊशे फूट लांबीची तोफ, ॲल्युमिनियमचा पोकळ गोळा आणि तोफेतून बाहेर पडताना सेकंदाला सुमारे अकरा किलोमीटर वेग, असा त्याच्या कथेतला बेत होता. यातला वेगाचा आकडा बरोबर आहे. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायला साधारण तेवढाच वेग लागतो. चूक आहे ती तोफेत, आणि ती केवढी मोठी आहे हे शाळेत शिकलेल्या गतीच्या समीकरणांनी कोणालाही पडताळून पाहता येते.

नऊशे फूट म्हणजे सुमारे २७४ मीटर. एवढ्याशा अंतरात शून्यापासून अकरा किलोमीटरचा वेग गाठायचा, तर हाताशी वेळ असतो जेमतेम सेकंदाचा विसावा भाग, आणि तेवढ्या वेळात गोळ्यातल्या माणसाला सोसावे लागणारे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या बावीस हजार पटींच्या घरात जाते. दादरहून लोकल सुटताना दारातल्या माणसाला जो हिसका बसतो, तो गुरुत्वीय त्वरणाच्या दहाव्या भागाइतकाही नसतो. व्हर्नच्या गोळ्यात सत्तर किलो वजनाचा प्रवासी असेल, तर त्याच्यावर दीड हजार टनांहून अधिक भार येईल. धक्का शोषून घेण्यासाठी व्हर्नने तळाशी पाण्याचा थर योजला होता, म्हणजे अडचण त्याच्या ध्यानात आली होती. पण अशा त्वरणापुढे पाण्याचे काही चालत नाही.

विज्ञानकथेतून तंत्रज्ञानाला प्रेरणा मिळाली असे आपण म्हणतो, तेव्हा लेखकाने यंत्राचे चित्र रेखाटले आणि अभियंत्याने ते बरहुकूम घडवले, असे काहीसे डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडलेले दिसते. कथेतले यंत्र बहुधा टाकून दिले जाते. उरते ती कथेने जागवलेली ओढ आणि तिने अर्धवट सोडलेले गणित.

व्हर्नचे हे अर्धवट गणित रशियातल्या कलुगा गावात शिक्षकी करणाऱ्या कॉन्स्टंटिन त्सिओलकोव्हस्की यांनी पुढे नेले. लहानपणीच्या आजारामुळे त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली होती आणि बरेचसे शिक्षण त्यांनी पुस्तकांतून स्वतःच मिळवले होते. अंतराळप्रवासाचे बीज आपल्या मनात व्हर्नमुळे पडले, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. तोफेतून माणूस जिवंत बाहेर पडणार नाही, हे गणिताने स्पष्ट झाल्यावर प्रश्न उरला तो असा, की एका क्षणात मिळणारा धक्का सोसवत नसेल, तर तोच वेग हळूहळू कसा मिळवता येईल. मागे वायू सोडत पुढे सरकणाऱ्या अग्निबाणाला हे जमते. जाळलेल्या इंधनाचे प्रमाण आणि अंतिम वेग यांचा संबंध सांगणारे त्यांचे समीकरण १९०३ साली प्रसिद्ध झाले आणि आजही श्रीहरिकोट्याहून सुटणाऱ्या प्रत्येक अग्निबाणाचा हिशेब त्यावरच उभा असतो.

अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड यांना हीच ओढ इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांच्या मंगळवासीयांच्या आक्रमणाच्या कथेने लावली. सोळाव्या वर्षी ती वाचलेल्या या मुलाने पुढे, १६ मार्च १९२६ रोजी, द्रवइंधनावर चालणारा पहिला अग्निबाण उडवला. तो अडीच सेकंद उडाला आणि सुमारे साडेबारा मीटर उंच गेला, म्हणजे गिरगावातल्या एखाद्या चार मजली चाळीच्या गच्चीपर्यंत. मंगळावरची ती आक्रमक जमात त्यात कुठेच नव्हती.

कथेतून भीतीही मिळते आणि तीही कामी येते, हे भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्या उदाहरणात दिसते. वेल्स यांनी १९१४ साली एका कादंबरीत अणुबाँबची कल्पना मांडली होती. तो बाँब दिवसच्या दिवस स्फोट होत राहणारा होता आणि त्यातले भौतिकशास्त्र खरे नव्हते. झिलार्ड यांनी ती कादंबरी १९३२ मध्ये वाचली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात लंडनमध्ये एक रस्ता ओलांडताना, एका न्यूट्रॉनने अणुकेंद्र फोडले आणि त्यातून दोन न्यूट्रॉन बाहेर पडले तर अभिक्रियेची साखळीच सुरू होईल, हा विचार त्यांना सुचला. असा विचार दुसऱ्या कोणाला सुचला असता, तर त्याला तो भौतिकशास्त्रातला एक सुंदर निष्कर्ष वाटला असता. वेल्स वाचलेल्या झिलार्ड यांना मात्र त्यातून जळणारी शहरेही दिसली, आणि म्हणूनच आपले पेटंट गुप्त राहावे यासाठी त्यांनी ते ब्रिटिश नौदलाच्या हवाली केले. साखळी अभिक्रिया डिसेंबर १९४२ मध्ये शिकागोत प्रथम साधली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी आपल्या तुर्भ्यात ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, ती याच अभिक्रियेवर.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या विषयाशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे. किरणोत्सारी पदार्थ हाताळायचे ते ‘हॉट सेल’ नावाच्या बंदिस्त कक्षात. शिसे मिसळलेल्या जाड काचेच्या अलीकडे माणूस उभा राहतो, दोन मुठी धरतो, मनगट वळवतो, आणि पलीकडे धातूचा चिमटा तसाच वळतो. अशी यंत्रे या केंद्राने स्वतः विकसित केली आहेत. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९४२ मधल्या एका कथेचा नायक स्नायूंनी अतिशय दुबळा असतो आणि स्वतःच्या हातांचे अनुकरण करणारे यांत्रिक हात तयार करतो. इंग्रजीत अशा यंत्रांना त्या नायकाचेच नाव, ‘वाल्डो’, पडले. इथे कथेने यंत्र दिले असे म्हणता येणार नाही. पण जिथे आपला हात पोहोचू नये तिथे हाताचे कसब पोहोचवायचे, ही गरज मात्र तिने अचूक ओळखली होती.

प्रेरणेच्या कहाण्या सांगताना थोडी सावधगिरीही हवी. मार्टिन कूपर यांनी एप्रिल १९७३ मध्ये हातात मावणाऱ्या मोबाइलवरून पहिला कॉल केला, आणि त्यांना ही कल्पना एका अंतराळमालिकेवरून सुचली असे सर्रास सांगितले जाते. कूपर यांनी मात्र पुढे डिक ट्रेसी या चित्रकथेतल्या मनगटी रेडिओचे नाव घेतले. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या उपग्रहांवरून संदेशवहन करण्याची विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क यांची १९४५ मधली मांडणीही कथेत नव्हती, ती एका तांत्रिक लेखात होती.

मराठीत हा धागा मुंबईतच घट्ट झाला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणाऱ्या जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कृष्णविवरावरची कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. तिला पहिले पारितोषिक मिळाले. त्यांच्या आणखी एका कथेत मुंबईत बर्फ पडते आणि येऊ घातलेले हिमयुग परतवण्यासाठी वातावरणात उंचावर धातूचे सूक्ष्म कण सोडले जातात. त्या कणांनी ऊन शोषून हवा तापवावी, अशी तिथे योजना आहे.

आज शास्त्रज्ञ चर्चा करतात ती याच्या नेमक्या उलट दिशेने: उन्हाचा काही भाग परतवणारे कण स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या वरच्या वातावरणाच्या थरात, सोडून पृथ्वी थंड ठेवता येईल का? फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने १९९१ मध्ये हे निसर्गतः करून दाखवले; त्याच्या उद्रेकानंतर जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. पण जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर आपला मोसमी पाऊस अवलंबून असतो, आणि ऊन मुद्दाम कमी केले तर जूनमध्ये मुंबईवर येणाऱ्या ढगांचे काय होईल, हे गणित अजून सुटलेले नाही.