'नासिक' म्हणजे नेमकं कुठे?

नाशिक जिल्ह्यातल्या वनस्पतींच्या नोंदी संगणकात आहेतच, मग त्या वेब-नकाशावर टाकायला कितीसा वेळ लागणार? गाडी अडते ती ठिकाणाच्या रकान्यापाशी. जुन्या हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, चिठ्ठीवर नुसतं 'नासिक' असेल, तर ते शहर, तालुका की जिल्हा? जिल्हाही १८६९ चा. त्याआधी हेच डोंगर खानदेश किंवा अहमदनगरच्या नावावर असायचे.

थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ पासून निघू लागला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा नाशिक जिल्ह्यापुरता ग्रंथ आला १९९१ मध्ये. मधल्या काळात नावंही बदलली. कुकच्या वेळची अकेशिया अरेबिका पुढे अकेशिया निलोटिका झाली आणि आता व्हॅचेलिया निलोटिका आहे. आपल्याकडे ती बाभळच. डेटाबेसला हे कुणी सांगितलं नाही, तर नकाशावर एकाच झाडाच्या तीन जाती उगवतात.

१९९१ च्या सुमारास संगणकावर चढलेल्या याद्या बहुधा डीबेस किंवा फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये असत. मराठी नावं जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली, त्यामुळे युनिकोडच्या जमान्यात 'बाभूळ' उघडावी तर चिन्हांचा खच दिसतो. फॉक्सप्रोचा आधार मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये काढून घेतला. डीबेसची फाइल मात्र चिवट. शेपफाइल या नकाशांच्या फाइल-प्रकारात माहितीचा तक्ता आजही तिच्याच रूपात असतो.

पुढचं घोडं पेंड खातं अक्षांश-रेखांशांवर. जुन्या नोंदीत अंश आणि मिनिटंच असतील, तर अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास १.८५ किलोमीटर. शिवाय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट गोलाभ या जुन्या गणिती प्रतिमानावर बेतलेले, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या प्रतिमानावर. रूपांतर विसरलं की नाशिककडे ठिपका शंभरएक मीटर सरकतो. सपाटीवर ते खपून जाईल, पण ब्रह्मगिरीवर तेवढ्यात कड्यावरचं झाड पायथ्याला येतं. जीवजातींच्या नोंदी लिहिण्याच्या डार्विन कोर या २००९ च्या प्रमाणकात ठिकाणाची अनिश्चितता मीटरमध्ये लिहायला वेगळा रकाना आहे, तो याचसाठी. वेब-नकाशे बनवायचं लीफलेट हे मोफत साधन २०११ मध्ये आल्यापासून नकाशा काढणं स्वस्त झालं. हा रकाना भरणं अजून माणसाचंच काम आहे.

आणि दुर्मीळ वनस्पती कुणी उपटून नेऊ नये म्हणून काही ठिकाणं मुद्दाम धूसर ठेवावी लागतात. सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प २००६ मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरून नव्याने नोंदवलं गेलं. नावातच पत्ता असलेलं फूल लपवायचं कसं, हा प्रश्न रास्त आहे. पण ०.१ अंशाचा, म्हणजे बाजू साधारण दहा-अकरा किलोमीटरची असलेला, चौकोन दाखवला, तर डोंगर कळतो. पठाराचा नेमका कोपरा कळत नाही.