सोप्यातलं पोस्ट आणि ‘विभागेतर’ हा शब्द

सातारा जिल्ह्यातल्या पाटण-जावळीच्या डोंगरी गावांत पोस्ट असायचं ते कुणाच्या तरी सोप्यात. भिंतीला लाल पेटी. आत एक मेज, वजनकाटा, शाईची गादी आणि तारखेचा शिक्का. शिक्क्यातले तारखेचे बारीक खिळे रोज सकाळी बदलायचे, पहिला ठसा वहीत उमटवून तारीख नीट पडली का बघायची, मगच टपालाला हात लावायचा.

१८५४ चं अर्ध्या आण्याचं टपाल आणि १८७९ चं पाव आण्याचं कार्ड सर्वांच्या ओळखीचं आहे. इकडच्या गावांना पोस्ट खरं आपलं वाटलं ते मनिऑर्डरीमुळे, ती १८८० ला सुरू झाली. घरातला कर्ता मुंबईला गिरणीत, नाहीतर पलटणीत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातले तर ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. मनिऑर्डर आली तरी तेवढी रोकड पोस्टात असेलच असं नसे. मग ती वरच्या पोस्टातून थैलीने यायची आणि तोवर म्हातारी दोनदा पायरीवर येऊन बसून जायची. फॉर्मखालच्या कुपनावरच्या दोन ओळी वाचून दाखवायलाही पोस्ट सांभाळणारा माणूसच.

हा माणूस कोण? गावच्या लेखी ‘मास्तर’, कारण पुष्कळदा तो शाळामास्तरच असे. सरकारदरबारी मात्र तो ‘विभागेतर’, म्हणजे पोस्टाचं काम करूनही पोस्ट खात्याच्या बाहेरचा. इंग्रजी अमदानीतली ही सोय. दिवसातले तीन ते पाच तास काम, पोटापाण्याचं दुसरं साधन हवं आणि पोस्टासाठी जागा त्यानेच द्यायची. खेड्यात पोस्ट पोहोचलं ते या स्वस्त व्यवस्थेमुळे, हे मान्य केलंच पाहिजे. पण तो सरकारी नोकर की नाही, या प्रश्नाला सरळ उत्तर कधीच मिळालं नाही.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे नागरी पदच आहे, रीतसर चौकशीवाचून त्याला काढता येणार नाही. नियमांनी मात्र तो केंद्राच्या नागरी सेवेबाहेरचाच ठेवला. २००१ मध्ये ‘विभागेतर’ जाऊन ‘ग्रामीण डाक सेवक’ हे नाव आलं. ऐकायला मानाचं, आणि खुपणारा शब्दही गेला. पण नियमावलीच्या इंग्रजी नावात तेव्हा निदान ‘एम्प्लॉयमेंट’ होतं. २०११ च्या नियमावलीत त्या जागी ‘एंगेजमेंट’ आलं. एवढ्या एका शब्दाने जी नोकरी होती, ती नुसती नेमणूक झाली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

पुढचं सगळं भराभर घडलं. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. शाखा डाकघरात हातातलं यंत्र आलं, २०१८ ला पोस्टाची पेमेंट्स बँक आली. त्याच वर्षी एका समितीच्या शिफारशींवरून सेवकांचा मोबदला वाढला, कामाचे तास चार किंवा पाच असे ठरले. संपही झाले, मागणी तीच जुनी: खात्यात घ्या. यंत्रावर अंगठा घेऊन पैसे हातात देणारा माणूस आजही नियमांनुसार नागरी सेवेबाहेरच आहे. पासष्टाव्या वर्षी तो मोकळा होतो, थोडी ग्रॅच्युइटी हातात पडते. खात्यातल्या जुन्या पोस्टमनला मिळते तशी महिन्याची पेन्शन त्याला नाही.