अलेक्झांड्रियाची सणपत्रे

गोव्यात आणि वसईत उपवासकाळ तोंडावर आला की बिशपांचे पत्र भाविकांना वाचून दाखवतात. विचारपूस, आशीर्वाद, थोडा उपदेश, खचलेल्यांना धीराचे दोन शब्द असा त्याचा सूर असतो. या पत्राचे मूळ शोधत मागे गेले तर आपण तिसऱ्या शतकातल्या इजिप्तमध्ये पोचतो. तिथे पत्राचे काम अगदी साधे होते: यंदा ईस्टर कधी, ते कळवणे.

मंडळीला, म्हणजे एखाद्या गावच्या ख्रिस्ती समाजाला, पत्र लिहिण्याची रीत त्याहून जुनी. कलस्सै गावच्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौल बजावतो की हे पत्र तुमच्याकडे वाचून झाले की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जाऊ द्या. पण ती पत्रे गरज पडेल तशी लिहिलेली. दरवर्षी, ठरावीक वेळी पत्र निघू लागले ते ईस्टरमुळे. हा सण आपल्या तिथींसारखा चंद्रावर अवलंबून, म्हणून तारीख दरवर्षी हलते. अलेक्झांड्रिया हे खगोलगणिताचे जुने केंद्र असल्यामुळे हिशेब तिथे होई आणि तिथला बिशप इजिप्तभर कळवी.

तिसऱ्या शतकाच्या मध्याला तिथे बिशप असलेल्या दिओनिसियुसने ईस्टरसाठी आठ वर्षांचे चक्र बसवले. त्याच्या सणपत्रांतले उतारे इतिहासकार युसेबियुसने जपले, हे आपले नशीबच. कारण त्यांत तारखेपलीकडचे बरेच काही सापडते. ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, मग शहरात यादवी पेटली, मग साथ आली. यादवीच्या दिवसांत तो लिहितो की पूर्वेकडून पश्चिमेला जाणे सोपे, पण अलेक्झांड्रियातून अलेक्झांड्रियात जाणे अवघड. छळाच्या काळाबद्दल सांगतो की शेत, वाळवंट, जहाज, धर्मशाळा, तुरुंग, जिथे म्हणून आम्ही होतो तिथे आमचा सण झाला. साथीत आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतः गेलेल्यांची आठवणही तो त्याच ओघात काढतो. मला वाटते, सणाच्या पत्राला धीर देण्याचे काम चिकटले ते याच पत्रांत. अशा वर्षी सणाची तारीख जाहीर करणे हाच मोठा दिलासा होता.

३२५ साली निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत सर्वांनी ईस्टर एकाच दिवशी पाळावा असे ठरले आणि अलेक्झांड्रियाच्या पत्राचे वजन वाढले. ३२८ साली बिशप झालेल्या अथनासियुसने ३७३ मध्ये मरण येईपर्यंत ही प्रथा चालवली. पाच वेळा हद्दपार झालेला हा माणूस, मिळून सतराएक वर्षे आपल्या मंडळीपासून दूर. काही वर्षी पत्र निघूच शकले नाही. ३४१ च्या ईस्टरचे पत्र रोमहून लिहिलेले आहे. ३४५ आणि ३४६ साठी तर अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूंना नुसती तारीख कळवणारी छोटी चिठ्ठी आहे. लांबलचक उपदेशांइतक्याच या चिठ्ठ्या मला मोलाच्या वाटतात.

त्याचा आग्रहही या पत्रव्यवहारात दिसतो. इजिप्तमधल्याच थ्मुइसचा बिशप सेरापियोन याला तो कळवतो की चाळीस दिवसांचा उपवास लोकांना नीट जाहीर करा. सारे जग उपवास करत असताना इजिप्तमधले आपणच तेवढे खात राहिलो तर हसे होईल. ३६७ च्या एकोणचाळिसाव्या पत्रात त्याने कोणती पुस्तके पवित्र शास्त्रात धरायची याची यादी दिली. नव्या करारातली आजची २७ पुस्तके, नेमकी तेवढीच, प्रथम या यादीत आढळतात. एवढी मोठी गोष्ट ईस्टरच्या पत्रातून सांगितली गेली, कारण वर्षातून एकदा गावोगावी हमखास वाचला जाणारा कागद तोच होता.

त्याच कारणाने ते पत्र कुणाचे मन दुखवूही शकत होते. इजिप्तच्या मठांत राहून आलेला लेखक कासियन सांगतो की जानेवारीतल्या तीन राजांच्या सणानंतर अलेक्झांड्रियाचे पत्र इजिप्तच्या सगळ्या मंडळ्यांत आणि मठांत जाई. ३९९ साली बिशप थिओफिलसने त्यात देवाला मानवी रूप आहे असे मानणाऱ्यांना खोडून काढले. स्केटिसच्या वाळवंटातल्या चार धर्मगुरूंपैकी तिघांनी ते वाचूच दिले नाही. एकट्या पाफनुटियुसने वाचले. असेच मानणाऱ्या सेरापियोन नावाच्या एका वृद्ध संन्याशाला अखेर चूक पटली. पण प्रार्थनेला उभा राहिल्यावर तो हुंदके देऊ लागला की माझा देव त्यांनी माझ्यापासून हिरावून नेला, आता मी कुणाला धरू? मंडळीसाठी पत्र लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग वाचायला हवा.

थिओफिलसची काही सणपत्रे बायबलचा भाषांतरकार जेरोमने लॅटिनमध्ये आणली आणि ती पश्चिमेकडे वाचली गेली. थिओफिलसच्या मागून बिशप झालेल्या सिरिलची २९ टिकली आहेत. अथनासियुसची मूळ ग्रीक पत्रे मात्र काही तुकडे सोडता हरवली. इजिप्तच्या नायट्रियन वाळवंटातल्या सिरियन मठात त्यांच्या सिरियाक या जुन्या भाषेतल्या भाषांतराची हस्तलिखित पाने होती. १८४० च्या दशकात ती ब्रिटिश म्युझियमला पोचली आणि १८४८ साली इंग्रज अभ्यासक विल्यम क्युरेटनने ती छापली.