ओपिनेल (घडीचा चाकू)

ओपिनेल हा फ्रान्समधल्या सावॉय प्रांतात १८९० साली जन्मलेला लाकडी मुठीचा घडीचा चाकू. आल्प्सच्या डोंगरउतारावरचे शेतकरी, गुराखी, रेल्वेत राबणारे कामगार यांच्या खिशासाठी तो घडला. आजही त्याचा सर्वांत खपणारा ८ क्रमांकाचा नमुना फ्रान्समध्ये साधारण १० ते १५ युरोंना मिळतो. तिथे एका माणसाच्या हॉटेलातल्या जेवणाला याहून जास्त पैसे लागतात. वस्तू स्वस्त असली की कुठेतरी हात आखडता घेतलेला असणार, हा आपला नेहमीचा अनुभव. ओपिनेलमध्येही काटकसर आहेच, पण ती सगळी मुठीत आणि जोडणीत केलेली आहे. पात्यात केलेली नाही.

त्याचा कर्ता जोझेफ ओपिनेल (जन्म १८७२) हा मोरियेन खोऱ्यातल्या आल्बिए-ल-व्यू या गावाजवळच्या झेवुदा वस्तीतला. घराणे लोहारकीचे. वडील दानिएल कुऱ्हाडी, कोयते आणि छाटणीची हत्यारे बनवत, आणि त्यांना परिसरात नाव होते. यंत्रांचे वेड असलेल्या जोझेफने वयाच्या अठराव्या वर्षी त्याच भट्टीवर खिशात मावेल असा चाकू केला. १८९७ मध्ये त्याने १ ते १२ अशी मापांची मालिकाच काढली. १ क्रमांकाचा चाकू एवढासा, पाइप साफ करण्याजोगा. १२ क्रमांकाचे पाते १२ सेंटिमीटर. १९३० च्या दशकात १ आणि ११ हे क्रमांक बंद झाले. पहिला फारच चिमुकला होता, आणि अकरावा दहा-बाराच्या मध्ये उगाच अडकलेला. बाकीची मापे आजही चालू आहेत.

मोरियेन खोऱ्यातून फ्रान्स-इटली रेल्वेमार्ग जातो. १८७१ साली सुरू झालेला आल्प्समधला मोठा बोगदा याच मार्गावर आहे. रेल्वेचे लोक आणि फेरीवाले यांच्यामार्फत हा चाकू खोऱ्याबाहेर पडला. पुढे कारखाना शाम्बेरी शहराला लागून असलेल्या कोन्यँ येथे आला. पात्यावरचा ठसा मात्र खोऱ्यातलाच राहिला: आशीर्वादासाठी उचललेला हात आणि त्यावर मुकुट. हात सँ-झाँ-द-मोरियेन या गावाच्या मानचिन्हातला. तिथल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या बोटांचे अवशेष असल्याची श्रद्धा आहे. मुकुट सावॉयच्या ड्यूकांचा. हे चिन्ह १९०९ मध्ये नोंदवले गेले. १९८९ मध्ये ‘ओपिनेल’ हा शब्द लारूस या फ्रेंच शब्दकोशातही शिरला. आपल्याकडे कोणतीही छायाप्रत ‘झेरॉक्स’ होते, तसाच प्रकार.

रचना. मूळ ओपिनेलचे भाग चारच: मूठ, पाते, मुठीच्या तोंडाशी बसवलेली पोलादी कडी आणि खिळा. मूठ बीच लाकडाची, यंत्रावर वळवलेली. तिच्यात करवतीने एक चीर पाडायची की पात्याचे घर तयार. घडीच्या बहुतेक जुन्या चाकूंत पाठीला पाते जागेवर धरणारी पोलादी कमान असते. ती पात्याशी नेमकी जुळवायला कसबी हात लागतो, आणि किंमत तिथेच चढते. फ्रान्समध्येच अशा कमानीचा, हाताने जुळवलेला लायोल चाकू घ्यायचा तर ओपिनेलच्या दहापट पैसे सहज मोजावे लागतात. ओपिनेलला कमानच नाही. उघडे पाते जागेवर राही ते केवळ लाकडाच्या आवळण्यावर, आणि हातातला जोर चुकला की असे पाते बोटावर मिटू शकते.

१९५५ मध्ये जोझेफचा मुलगा मार्सेल ओपिनेल याने त्यावर उपाय काढला. पहिल्या कडीवर दुसरी, फिरणारी कडी बसवली. तिलाही चीर आहे. नखाने पात्याची खाच धरून पाते उघडायचे, कडी अंगठ्याने जराशी फिरवायची. चीर पात्यासमोरून सरकते आणि पाते मिटायची वाट बंद होते. या कडीला ‘व्हिरोब्लॉक’ म्हणतात. ती ६ क्रमांकापासून पुढच्या मापांना असते. २००० पासून तीच कडी मिटलेले पातेही अडवते, म्हणजे चाकू खिशात आपोआप उघडत नाही. भाग चाराचे पाच झाले, इतकाच बदल.

पाते. ८ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटर लांब आणि पाठीकडे दोन मिलिमीटरपेक्षाही पातळ. चाकूची खरी किंमत इथे आहे. बाजारात दणकट दिसावेत म्हणून तीन-चार मिलिमीटर जाड पात्याचे, महागडे घडीचे चाकू मिळतात. त्यांनी गाजर कापायला जा, गाजर चिरले जाण्याऐवजी पाचरीने फोडल्यासारखे फाटते. ओपिनेल सफरचंदातून पाण्यासारखा जातो. त्याच्या पात्याच्या बाजू किंचित फुगीर असल्याने फोडी पात्याला चिकटूनही कमी राहतात.

पोलाद दोन तऱ्हांचे. मूळचे कर्बयुक्त, त्यात सुमारे ०.९ टक्के कर्ब. दुसरे स्टेनलेस, मुख्यतः १२सी२७ या जातीचे. पहिल्याला निसण्यावर चार हात मारले की धार येते, पण ओले ठेवले तर रात्रीत गंजाचे ठिपके पडतात. लोखंडी विळीवर कैरी चिरली की विळी काळवंडते, तसेच हे पातेही पहिल्या टोमॅटोनंतर निळसर-करडे होते. नवशिक्याला वाटते चाकू बिघडला. विळी वापरलेल्या घरात हे समजावून सांगावे लागत नाही: धुऊन लगेच पुसायचे, अधूनमधून खाद्यतेलाचे बोट फिरवायचे. स्टेनलेस पात्याला हे लाड लागत नाहीत, मात्र धार लावायला वेळ जरा जास्त जातो. घरी, समुद्रकिनारी किंवा फळे कापायला स्टेनलेस बरे. लाकूड तासायला कर्बयुक्त.

उणिवा. लाकूड पाणी पिते. कोकणात पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकते, तशी ओपिनेलची मूठ भिजली की चीर आवळते आणि पाते नखाने हलत नाही. सावॉयमध्ये यावर एक जुनी युक्ती आहे, तिला ‘सावॉयी ठोका’ म्हणतात: मुठीचे मागचे टोक मेजाच्या कडेवर ठोकायचे, पाते झटक्याने थोडे वर येते, मग ते चिमटीत धरून उघडायचे. भांड्यांबरोबर मोरीत भिजत टाकणे हा या चाकूचा सर्वांत मोठा छळ. शिवाय नवा नग नेहमी नेटका असेलच असे नाही. एखाद्याची कडी फार घट्ट असते, एखाद्याचे पाते चिरेत एका बाजूला झुकलेले असते. खिळा ठोकून बसवलेला असल्याने स्क्रूप्रमाणे सैल-घट्ट करता येत नाही. पातळ टोकाने डब्याचे झाकण उचकटायला गेले तर टोक मोडते, आणि त्यात दोष चाकूचा नसतो.

इतर देशांतली भावंडे. कमी भाग आणि न बदललेला आकार यांच्या जोरावर स्वस्त राहिलेले चाकू इतरत्रही आहेत. जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी म्हणजे दुमडलेल्या पत्र्याची मूठ आणि तिच्यातून मागे डोकावणारी पात्याची शेपटी. कुलूप नाही, अंगठ्याने शेपटी दाबून धरायची. एकेकाळी जपानी शाळकरी मुले याच चाकूने पेन्सिलींना टोक काढत. फ्रान्समधल्या तिएर गावचा दूक-दूक (१९२९) हाही पत्र्याच्या मुठीचा. जर्मनीत झोलिंगेन शहराचा काळा, मुठीवर उडी मारणाऱ्या मांजराचे चित्र असलेला मर्कातोर आहे. ओकापी आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींत विकण्यासाठी झोलिंगेनमध्ये निघाला आणि आता दक्षिण आफ्रिकेत बनतो.

भारतात घडीचा चाकू म्हटले की आठवतो तो उत्तर प्रदेशातला, खटक्याचा रामपुरी. मुंबईच्या हिंदी सिनेमाने त्याला गुंडाच्या हातात असा काही दिला की त्याचे कारागिरी म्हणून नाव मागेच पडले. महाराष्ट्रात शेतावर विळा-कोयता आणि घरात विळी असल्याने खिशातल्या चाकूला फारसे काम उरले नाही. सोबत बाळगायचे रोजचे धारेचे हत्यार म्हणून मान मिळाला तो चंचीतल्या आडकित्त्याला.

कायदा. जवळ बाळगण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा, कुलूप न लागणारा घडीचा चाकूच विनाकारण जवळ ठेवता येतो. व्हिरोब्लॉक कडीमुळे आणि पात्याच्या लांबीमुळेही ८ क्रमांकाचा ओपिनेल त्या सवलतीत बसत नाही. १९५५ मध्ये बोटे वाचावीत म्हणून बसवलेल्या कडीने तिथे अशी अडचण केली आहे. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही, मोठ्या बॅगेतच टाकावा लागतो.

जुना, रोजच्या वापरातला ओपिनेल पात्याच्या रुंदीवरून ओळखू येतो. वर्षानुवर्षे निसण्यावर घासून पाते बोटाएवढ्यावरून काडीसारखे चिंचोळे झालेले असते, आणि मुठीचे बीच लाकूड हाताच्या तेलाने चिंचेच्या टरफलासारखे तपकिरी.