‘एका आत्महत्येमागे सहा माणसं’ हा आकडा आला कुठून?

एका आत्महत्येची झळ सहा जणांना बसते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हा आकडा मोजून काढलेला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांचा तो अंदाज होता. पुढे तोच रूढ झाला. २०१८ मध्ये ज्युली सेरेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लोकांनाच विचारून हिशेब मांडला: एका मृत्यूमागे त्या व्यक्तीला ओळखणारे सुमारे १३५ जण. सगळेच कोलमडतात असं नाही. पण शेजारच्या टेबलावरचा सहकारी किंवा शेवटचा मेसेज अजून जपून ठेवणारी शाळेतली मैत्रीण यांना ‘तुम्ही कुठे घरचे?’ म्हणून बाजूला सारलं जातं, हे मला फार खुपतं. आत्महत्येनंतरच्या समुपदेशनाची तरतूद सहाच्या हिशेबाने केली, की नेमकी हीच माणसं सुटतात.