फटका चेंडू लागण्याआधीच ठरतो

टेनिसचा चेंडू रॅकेटच्या तारांवर जेमतेम 5 मिलिसेकंद टेकतो. डोळ्यांनी पाहिल्यावर हात हलायला मात्र सुमारे 200 मिलिसेकंद लागतात. ‘जरा वर उचलायला हवा होता’ हे मेंदूला कळेपर्यंत चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. त्यामुळे शिकायचं ते सगळं त्या 5 मिलिसेकंदांच्या आधीचं.

सुरुवात पकडीपासून. फोरहँडसाठी (रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूने मारायचा फटका) तळवा तारांवर सपाट टेकवा, तसाच खाली घसरवत मुठीपर्यंत आणा आणि बोटं मिटा. ही ईस्टर्न ग्रिप. आता तळवा जिकडे, तारांचं तोंडही तिकडेच; रॅकेटच्या कोनाचा वेगळा विचार करावा लागत नाही.

आणि कोनालाच इथे सगळी किंमत आहे. बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपासून, नेट 11.89 मीटरवर असतं. चेंडू ठरल्यापेक्षा फक्त एक अंश खाली निघाला, तर तिथवर जाताना तो सुमारे 20 सेंटिमीटर खाली येतो. सर्व्हिस लाइनवरून, म्हणजे नेटच्या जवळच्या आडव्या रेषेवरून, 6.40 मीटर अंतरावरून, हीच चूक 11 सेंटिमीटरची होते. म्हणून पहिले धडे नेटजवळ गिरवावेत. चेंडू हातातून सोडा, टप्पा पडू द्या आणि कमरेच्या उंचीवर, पुढच्या पायाच्या किंचित पुढे त्याला गाठा. रॅकेट मागे फारशी न्यायचीच नाही.

हे जमलं की अंग वळवायचं. जोर पायांतून निघतो. मग कंबर, खांदा आणि शेवटी हात. हा क्रम मोडून नुसत्या हाताने मारलं की भार कोपरावर येतो. विशेषतः एका हाताच्या बॅकहँडला (विरुद्ध बाजूने मारायचा फटका) मनगट आत मुडपलेलं असेल, तर कोपराच्या बाहेरच्या बाजूला जोडलेले स्नायू ताणले जातात; टेनिस एल्बोचं दुखणं तिथलंच.

टॉपस्पिनबद्दल (चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी) एक गैरसमज चिवट आहे: चेंडूवरून मनगट फिरवायचं. 5 मिलिसेकंदांत कोण काय फिरवणार? तारा जवळजवळ उभ्या ठेवून रॅकेट खालून वर नेली की घर्षणाने चेंडू आपोआप पुढच्या दिशेने फिरतो. असा चेंडू मागची हवा वर ढकलतो आणि स्वतः खाली दाबला जातो (हा मॅग्नस परिणाम), म्हणून नेटवरून चांगला उंच जाऊनही आत पडतो.

चेंडू मऊ, कमी दाबाचे घ्यावेत. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2012 पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू बंदच केला. मोठ्या नवशिक्यांना हे चेंडू वापरायला लाज का वाटते, कळत नाही.

सरावात सलग फोरहँडच मारत राहिलं की हात बसल्यासारखा वाटतो. फोरहँड-बॅकहँड मिसळून मारताना त्या दिवशी चुका जास्त होतात, पण कौशल्ये शिकण्यावरच्या बऱ्याच प्रयोगांत असा मिश्र सराव पुढे जास्त टिकलेला दिसतो. पकड आणि टप्प्याची वेळ थोडी जमली की फटके मिसळायला लागावं.