बिल्ल्याच्या कडेवरचा पलटणीचा नंबर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या अनेक घरांत ट्रंकेच्या तळाशी पणजोबांचे ‘बिल्ले’ असतात आणि त्यांच्यासोबत एखादेच वाक्य उरलेले असते: “बसऱ्याला गेले होते, आजारी होऊन आले.”

पहिल्या महायुद्धाच्या या पदकांवर आजाराचा उल्लेख नसतो. पण गोल पदकाच्या कडेवर भिंग धरले की नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली दिसते. ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर तीच माहिती मागे असते. (चिंचेने घासघासून काहींनी ती पुसूनही टाकली आहे.) ‘१९१४-१५’ लिहिलेला तारा असेल तर माणूस ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत आघाडीवर पोचला होता. ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझचे असेल, तर तो बहुधा मजूर तुकडीत होता.

ताऱ्यावर १०३ किंवा ११० मराठा असेल, तर शोध मेसोपोटेमियाकडे (आजच्या इराककडे) वळतो. या दोन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी त्यांना कुट-अल-अमारा इथे वेढले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. धान्य संपत आले तसे घोडे कापले गेले. ते मांस बहुतेक हिंदी शिपायांनी बराच काळ टाळले. भाजीपाला नव्हताच. त्यामुळे त्यांना स्कर्व्ही झाला: हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, जखमा भरत नसत. गोऱ्या सोल्जरांना मांस मिळत होते, पण पांढऱ्या पावामुळे त्यांच्यात बेरीबेरी (ब१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) पसरला. तेव्हा “तिकडून दात पाडून आले” असे घरात कोणी सांगत असेल, तर ते थट्टेवारी नेऊ नये.

अर्थात तारा आणि नंबर जुळले म्हणून माणूस कुटमध्ये होताच असे नाही. हगवण, हिवताप आणि उष्माघाताने वेढ्याआधीच कितीतरी जण माघारी पाठवले गेले. औषधपाण्याची तिथली दुर्दशा १९१७ च्या मेसोपोटेमिया कमिशनच्या अहवालात आली आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. म्हणून डिस्चार्जची तारीख पाहावी: ती वेढ्याच्या आधीची असेल तर कुट बाद.

कागद चाळताना एक गोंधळ हमखास होतो. १९२२ मध्ये मराठा पलटणींची फेररचना झाली, ११४ वी पलटण प्रशिक्षण देणारी पलटण म्हणून बेळगावात आली आणि जुने नंबर बदलले. १०३ ही पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, ११० तिसरी, म्हणजे ३/५. पदकावर ११० आणि नंतरच्या पेन्शनच्या कागदावर ३/५ मराठा दिसले, तर ती दोन वेगळी माणसे समजू नयेत.